गाडी गरम होते म्हणून इंजिन उघडायचे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : वडिलांनी २०११ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी, १,१८,००० किलोमीटर झालेले, रोजचा वापर जुळे सोलापूर ते शहर आणि महिन्यातून एखादी फेरी अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरची. गेल्या चौदा महिन्यांत ‘गाडी गरम होते’ या एकाच तक्रारीसाठी रेडिएटर साफ झाला, त्याचे झाकण बदलले, वॉटर पंप बदलला, पंख्याची मोटर बदलली, थर्मोस्टॅट काढून टाकला आणि मिळून ४१,००० रुपये गेले. तरीही सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असताना तापमानाचा काटा वर जातो, पंधरा दिवसांत अर्धा लिटर पाणी कमी होते, अ‍ॅव्हरेज १६ वरून १२ वर आले आहे, गाडी तापलेली असताना सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो आणि खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट आवाज येतो. आता मेकॅनिक म्हणतात की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले पातळ सील) गेले आहे, इंजिन उघडावे लागेल, ५५ ते ६० हजार धरून चाला. थोरले बंधू म्हणतात विकून टाका. वडिलांना ते पटत नाही. इंजिन करावे की गाडी विकावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात २७ वर्षे हेच काम करतो, आणि माझे मत असे की या दोन्हींपैकी एकाचीही वेळ अजून आलेली नाही. तुमच्या हकिगतीत पाच भाग साफ केल्याचा, बदलल्याचा किंवा काढल्याचा उल्लेख आहे, पण काही मोजल्याचा उल्लेख एकदाही नाही. पाणी नेमके कोठून जाते आणि काटा नेमका कशाने चढतो, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी शोधलेलीच दिसत नाहीत. जुन्या गाडीत तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, तेव्हा बहुतेक वेळा गाडीत दहा दोष झालेले नसतात. एक मूळ दोष तसाच राहिलेला असतो आणि त्याच्यावर दुरुस्तीतून आलेले एक-दोन नवे दोष चढलेले असतात. तुमच्या गाडीचे असेच झाले असावे, अशी मला दाट शंका आहे.

अर्थात मी गाडी पाहिलेली नाही. काटा अर्ध्यापासून किती वर जातो, लाल रेषेला कधी टेकला होता का, तसा टेकलेला असताना गाडी किती अंतर चालवली, यावर बरेच अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा चांगलेच तापून वाकले असेल, तर पुढे मी जे लिहितो आहे त्यातले निम्मे गैरलागू ठरेल. पण तुमच्याच प्रश्नात एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेला आहात आणि जी माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे : ‘हायवेवर काटा उलट अर्ध्याच्या खाली राहतो, तुळजापूरचा घाट चढतानाही काही होत नाही.’

गाडी ८० च्या वेगाने धावत असते तेव्हा रेडिएटरमधून वारा आपोआप जातो, पंख्याची फारशी गरज नसते. सिग्नलला गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. त्यातच एसी चालू असेल, तर रेडिएटरच्या पुढे बसवलेला एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. म्हणून उभ्या गाडीत काटा चढतो आणि धावत्या गाडीत उतरतो, तेव्हा संशय वाऱ्यावर घ्यायचा. आणि वेगात किंवा चढावर काटा चढतो, तेव्हा संशय पाण्याच्या प्रवाहावर, आतून चोंदलेल्या रेडिएटरवर किंवा हेड गॅस्केटवर घ्यायचा. घाट चढताना इंजिनावर जास्तीत जास्त जोर असतो, सिलिंडरमधला दाबही मोठा असतो. गॅस्केट खरोखर फुटलेले असेल तर ते बहुतेक अशा वेळी आपले रूप दाखवते. तुमची गाडी घाटात शांत आणि सात रस्त्याला गरम. ही लक्षणे फुटलेल्या गॅस्केटशी जुळत नाहीत. गॅस्केट शंभर टक्के ठीक आहे असे मी म्हणत नाही, पण ६०,००० रुपये लावण्याइतका पुरावा समोर आलेला नाही, एवढे नक्की म्हणतो.

आता थर्मोस्टॅटकडे येऊ, कारण आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिला बळी त्याचा जातो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा मेण भरलेला झडपेचा दरवाजा. साधारण ८२ अंशांना तो उघडू लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. तो अडकला तर गाडी गरम होते हे खरे, म्हणून ‘काढूनच टाका, आपल्या सोलापुरात थंडी कुठे आहे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या पिढीने हे काम शेकडो गाड्यांवर केले आहे आणि कार्ब्युरेटरच्या काळात ते खपूनही जात होते. इंजेक्शनच्या गाडीत तसे नसते. इंजिनाचे पाणी किती गरम आहे हे सांगणारा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सतत माहिती देत असतो, आणि पाणी पुरेसे तापलेले नाही असे दिसले की इंजिन अजून थंड आहे असे समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो. हायवेवर तुमचा काटा अर्ध्याच्या खाली राहतो तो थर्मोस्टॅट नसल्यामुळेच, आणि १६ चे १२ झालेले अ‍ॅव्हरेजही बऱ्याच अंशी याच खात्यावर जमा करायला हवे. शिवाय ऑइल नीट तापत नाही, त्यातली ओल उडून जात नाही आणि ते लवकर खराब होते.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ही चकती बायपासची, म्हणजे रेडिएटरला टाळून जाणारी, वाट बंद करते, त्यामुळे सगळे गरम पाणी रेडिएटरकडे जाते. थर्मोस्टॅटच काढला की ती चकतीही गेली, बायपास कायमचा उघडा राहिला, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरू लागला. म्हणजे जो उपाय गाडी थंड ठेवण्यासाठी केला, तोच गर्दीत तिला तापवतो. सर्व इंजिनांची रचना अशी नसते. तुमच्या इंजिनाची आहे की नाही, हे जुना थर्मोस्टॅट हातात घेतला तर एका नजरेत कळेल. तो तुमच्या मेकॅनिकच्या डब्यात कोठेतरी पडलेला असेल, मागून घ्या. काहीही असले तरी मूळ अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवणे हे पहिले काम आहे. बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात ठेवून उकळून पाहावा. पाणी उकळण्याच्या आत तो चांगला उघडला पाहिजे आणि निवल्यावर मिटला पाहिजे. नवा भाग आहे म्हणून मी ही तपासणी कधी सोडत नाही. डब्यातून नवाच काढलेला थर्मोस्टॅट न उघडल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पंखा. मोटर बदलली, म्हणून पंख्याचा विषय संपला असे तुम्हाला वाटते आहे, पण मोटर हा त्या साखळीतला एकच दुवा आहे. काही वर्षांपूर्वी बार्शीकडचे एक निवृत्त शिक्षक अगदी तुमच्यासारखी तक्रार घेऊन आले होते. तीन ठिकाणी दाखवून झाले होते, पंख्याची मोटर दोनदा बदलली होती. बोनेट उघडून पाहिले तर पंखा फिरत होता. पाहणारा म्हणेल, पंखा तर चालू आहे. मी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट होते आणि पंख्याच्या प्लगवर, पंखा फिरत असताना, १०.४. साडेतीन व्होल्ट वाटेतच कोठेतरी मुरत होते. मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि पंख्याची अर्थिंगची वायर यांच्यामध्ये मीटर धरला, तर ३.१ व्होल्ट दाखवले, जिथे ०.२ च्या वर जायला नको. बॅटरीचा ट्रे काढला. त्याच्या खाली बॉडीला कसलेला अर्थिंगचा बोल्ट अ‍ॅसिडच्या ओलीने हिरवा पडला होता आणि तारेच्या टोकाची धातूची पकड, म्हणजे लग, राखेसारखी हाताला लागत होती. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, लग नवा टाकला, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावले. पंख्याच्या प्लगवर १३.५ व्होल्ट आले आणि पंख्याचा आवाजच बदलला. सरांनी न सांगता ओळखले. खर्च झाला १५० रुपये, आणि त्यात चहा माझ्याकडून होता.

ही गोष्ट तुम्हाला सांगण्याचे कारण तुमच्या यादीतला जड फिरणारा सेल्फ आहे. सेल्फ आणि पंखा हे दोघेही भरपूर करंट ओढणारे भाऊ आहेत आणि दोघांचाही परतीचा रस्ता अर्थिंगमधून जातो. अर्थिंग गंजले असेल तर गाडी थंड असताना कसेबसे चालून जाते. तापल्यावर तारांचा रोध वाढतो, स्टार्टरही तापलेला असतो, आणि सेल्फ कुंथायला लागतो. बॅटरीच अशक्त असण्याचीही शक्यता आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात बोनेटखाली बॅटरीचे आयुष्य पटकन आटते. म्हणून आधी रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी मोजा, १२.५ च्या आसपास किंवा वर हवी. मग इंजिन चालू करून मोजा, साधारण १३.८ ते १४.४ हवेत. हे दोन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ जड असेल, तर अर्थिंगवर बोट ठेवायला हरकत नाही. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा : अर्थिंगचा दोष पंखा किंवा सेल्फ चालू असतानाच दिसतो. भार नसताना मीटर लावला तर सगळे आकडे सज्जनासारखे दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी मोजणी होते ती अशीच.

पंख्याबाबत आणखी तीन गोष्टी घरच्या घरी पाहता येतात. इंजिन तापवून पंखा सुरू झाल्यावर वर्तमानपत्राचे अर्धे पान पुढच्या जाळीसमोर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीकडे ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तो बाहेर ढकलला जात असेल, तर नवी मोटर बसवताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत आणि पंखा धावत्या हवेच्या विरुद्ध झुंजतो आहे. हसू नका, असे होते. दुसरे म्हणजे, पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कवच जागेवर आहे का ते पाहा. रेडिएटर उतरवताना ते काढले जाते आणि एखादी क्लिप तुटली म्हणून परत बसवलेच जात नाही. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेने मोकळी हवा ओढत बसतो. तिसरे, एसी लावताच पंखा लगेच सुरू होतो का, आणि ज्या गाड्यांत दोन वेग आहेत तिथे दुसरा वेग लागतो का. दुसरा वेग लागत नसेल तर रिले (पंख्याला करंट जोडणारा स्विच) किंवा वेग ठरवणारा रेझिस्टर पाहावा लागेल.

रेडिएटर ‘साफ केला’ असे तुम्ही लिहिता, तेव्हा तो बाहेरून की आतून, हे विचारायला हवे. आपल्या शहरात याला महत्त्व आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांतून रोज जाणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत सुताची रुई बसते, तिच्यावर धूळ बसते, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचा चुरा बसतो. काही वर्षांत तिथे चक्क नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून पाण्याचा फवारा मारला तर कंडेन्सर चमकतो आणि मागचा नमदा अधिकच दाबून बसतो. कंडेन्सर सैल करून पुढे ओढून, रेडिएटरच्या मागून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारले तरच तो निघतो. जोरात मारू नये, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात.

आतल्या बाजूचे दुखणे पाण्याचे आहे, आणि यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरोघरी बोअरचे पाणी वापरात असते, आणि ते किती जड आहे हे आपल्या बादल्यांच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर रोज सांगतो. तेच पाणी बाटलीत भरून डिकीत ठेवले जाते आणि काटा चढला की रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जिथे धातू सगळ्यांत तापलेला असतो तिथे, म्हणजे हेडच्या आतल्या भिंतींवर, आधी बसतात आणि मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. हा थर उष्णतेला अडवतो. पाणी भोवती फिरते, पण धातूची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पंधरा दिवसांत अर्धा लिटर, म्हणजे चौदा महिन्यांत तुम्ही चौदा-पंधरा लिटर पाणी वरून घातले आहे. ते कोणते होते, हे प्रश्नात लिहिलेले नाही. बोअरचे असेल, तर मूळ दोष दूर झाल्यावरही या पाण्याची वसुली चालूच राहील.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारते. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडे सरसच असते, हे मान्य करायला हवे. पण निव्वळ पाणी १०० अंशांना उकळते आणि धातूला गंजापासून वाचवत नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे उकळबिंदू वर जातो आणि त्यातली रसायने अ‍ॅल्युमिनियम, पंपाचे सील आणि गॅस्केटच्या कडा जपतात. ही रसायने संपतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, आणि पुस्तिका हरवली असेल तर दोन-तीन वर्षांत, कूलंट बदलावे. ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यातच, साधारण निम्मे-निम्मे मिसळावे. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. आणि काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री चाटतात.

झाकणाचे काम पाणी आत कोंडून दाब धरणे हे आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. दाब धरला की पाण्याचा उकळबिंदू आणखी वाढतो, त्यामुळे काटा थोडा वर गेला तरी पाणी उकळत नाही. तुमचे झाकण बदलले आहे, पण जुन्याचा आणि नव्याचा आकडा एकच आहे का, ते पाहा. लोकल झाकणाची स्प्रिंग ढिली निघाली, तर सिग्नलला पाणी उकळून बाजूच्या डब्यात जाते. एवढ्यावर भागत नाही. इंजिन निवते तेव्हा झाकणाच्या मधली छोटी झडप उघडून ते पाणी परत आत ओढले गेले पाहिजे. ही झडप चिकटली, किंवा डब्याकडे जाणारी रबरी नळी चिरली, तर बाहेर गेलेले पाणी परत येत नाही, डबा भरून वाहतो आणि मालकाला वाटते, इंजिन पाणी पिते आहे. तुमचे अर्धा लिटर पाणी असे जात असेल, तर ते मला मुळीच नवल वाटणार नाही.

तरीही पाण्याचा तपास अंदाजावर सोडू नका. ही शिकवण मला एका चुकीने दिली. धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट आहे : एका गाडीचे पाणी कमी होत होते, खाली जमिनीवर एक थेंब दिसत नव्हता, म्हणून गॅस्केटच असणार असे ठरवून मी हेड उतरवले. गॅस्केट अखंड होते. इंजिनाच्या मागच्या बाजूला हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाला केसाएवढी चीर होती; त्यातून येणारे थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडून वाफ होऊन जात होते. ग्राहकाचे पैसे मी अर्धेच घेतले, पण त्याचे आठ दिवस परत देता आले नाहीत. त्यानंतर मी पहिली गोष्ट विकत घेतली ती कूलिंगचा प्रेशर टेस्टर. थंड इंजिनात झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटे त्याचा काटा पाहायचा. काटा उतरला, तर पाणी कोठून तरी बाहेर येते आहे. टॉर्च घेऊन पंपाचे भोक, होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीची शिवण आणि आतला पायदानाखालचा गालिचा तपासायचा. गालिचा ओला आणि काचेवर गोडसर वासाचे धुके, म्हणजे हीटरची जाळी गळते आहे.

काटा उतरला आणि बाहेर काहीच ओले नाही, तरच गॅस्केटकडे वळावे, आणि तेव्हाही हेड उतरवण्यापूर्वी दोन चाचण्या आहेत. एकीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी धरतात; ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळे द्रव पिवळे पडते. दुसरी कॉम्प्रेशनची : चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास, म्हणजे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावेत, शेजारशेजारचे दोन एकदम कमी निघाले तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली असे समजावे. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर एका मिनिटात वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे, ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसणे, आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहणे, ही घरी दिसणारी लक्षणे आहेत. तुम्ही यांपैकी एकही लिहिलेले नाही.

समजा, चाचण्यांत गॅस्केट गेलेलेच निघाले. तरी ‘इंजिन उघडणे’ या शब्दांना घाबरून सगळ्याला मान्यता देऊ नका. फक्त हेड उतरवून गॅस्केट बदलणे वेगळे आणि पिस्टन-रिंगा-बेअरिंगांसह इंजिन बांधणे वेगळे. कॉम्प्रेशन चांगले असेल, ऑइल खात नसेल आणि निळा धूर नसेल, तर खालच्या भागाला हात लावायचे कारण नाही. हेड उतरल्यावर सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून ते किती वाकले आहे ते तुमच्या समोर मोजायला सांगा. पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यायचे, पण मर्यादेतच. न मोजता नुसते नवे गॅस्केट टाकून कसलेले हेड सहा महिन्यांत परत येते. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेच्या क्रमाने कसले पाहिजेत, आणि ज्या इंजिनात ते एकदाच वापरायचे असतात तिथे नवेच घ्यावेत.

खटखट आवाजाचा या सगळ्याशी संबंध नाही. सस्पेन्शनचा लिंक रॉड असेल तर खर्च किरकोळ आहे. पण लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाला धरून ठेवणारा सांधा) ढिला असेल तर ते चाक निखळण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, चाक वर-खाली धरून हलवून, हे काम कूलिंगच्याही आधी बघून घ्या.

विकण्याबद्दल एवढेच म्हणतो की गाडी इंजिनामुळे क्वचितच संपते. ती संपते पत्र्यामुळे. आपली हवा कोरडी असल्याने सोलापूरच्या गाड्या कोकणातल्या गाड्यांइतक्या सडत नाहीत. दारांच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या कपांजवळचा पत्रा टोचून पाहा. तो शाबूत असेल तर गाडीवर खर्च करण्यात अर्थ आहे. मात्र २०११ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते; पुढे फिटनेस तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा. हा हिशेब दुरुस्तीच्या खर्चात मिळवूनच घरात चर्चा करा. गरम होणारी गाडी आहे त्या अवस्थेत विकली, तर घेणारा ‘इंजिनाचे काम आहे’ म्हणून पूर्ण ६०,००० कापून मागेल. दोष दीड-दोन हजारांचा निघाला तर ते पैसे तुमचेच वाचतील. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरणे असेल तर मी ठेवा म्हणेन. पुण्याला दर आठवड्याला जाणे असेल तर माझे उत्तर बदलेल.

तपास होईपर्यंत दुपारी शहरात एसी लावू नका आणि लांबचा प्रवास टाळा. काटा तीन-चतुर्थांशाच्या वर गेला तर एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. मे महिन्यात हे नकोसे वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर कडेला घेऊन इंजिन बंद करा. झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेड तडकते ते अशाच वेळी.

आता तुमच्याकडून मला पाच गोष्टी हव्या आहेत : झाकणावरचा आकडा, कागदाच्या चाचणीत पान ओढले गेले की ढकलले गेले, पंखा फिरत असताना बॅटरीवर आणि पंख्याच्या प्लगवर मोजलेले व्होल्ट, प्रेशर टेस्टमध्ये पंधरा मिनिटांत काटा किती उतरला ते, आणि चौदा महिने वरून घातलेले पाणी कोणते होते ते. मेकॅनिकला वाईट वाटेल असे समजून संकोच करू नका. ‘मोजून दाखवा, त्याचे वेगळे पैसे देतो’ असे म्हटले की बहुतेकांना आनंदच होतो, कारण तपासाचे पैसे आम्हाला सहसा कोणी देत नाही. हे आकडे आले की गॅस्केटबद्दल हो किंवा नाही, असे स्पष्ट उत्तर देतो.